पाच नावे आणि एक फुली

आमच्या हाऊसमध्ये साठ कॅडेट आहेत. गेल्या सत्रात सिक रिपोर्टचे रजिस्टर लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. ज्याला बरे वाटत नसेल त्याने पहाटे पीटीच्या आधी माझ्याकडे नाव द्यायचे, मी ते लिहायचे आणि सगळ्यांना एमआय रूममध्ये घेऊन जायचे. रोज एक-दोन नावे असत, कधी तीन. एका सोमवारी पाच नावे आली. त्या दिवशी क्रॉस-कंट्री होती.

हाऊस कॅप्टनने रजिस्टर पाहिले आणि म्हणाला, "पाच जण? आणि नेमके आजच? यातला बहाणेबाज कोण, त्याच्या नावापुढे खूण कर."

मी एका नावापुढे फुली मारली. आठवीतला तो मुलगा सोलापूरकडचा आहे. मैदानावर मला "सर" म्हणतो आणि डॉर्ममध्ये "दादा". त्या महिन्यात त्याचे नाव तिसऱ्यांदा आले होते, एवढाच माझ्याकडे पुरावा होता. बरा झाल्यावर त्याला तीन दिवस एक्स्ट्रा ड्रिल मिळाले.

दोन आठवड्यांनी लाइट्स आउटनंतर मी डॉर्ममधून चक्कर मारत होतो. तो कुडकुडत पडला होता. कपाळाला हात लावला तर चटका बसला. एमआय रूममध्ये थर्मामीटरने १०३ दाखवले. दोन दिवस त्याने ताप अंगावर काढला होता. मी विचारले, "सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "दादा, तुम्ही परत फुली माराल म्हणून."

तो चार दिवस एमआय रूममध्ये होता. त्या चार दिवसांत मी गणिताच्या मॅडमकडे रजिस्टर घेऊन गेलो आणि एकच प्रश्न विचारला: पाच ही संख्या खरोखरच जास्त होती का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी जे शिकलो ते या लेखात लिहीत आहे.

वितरण म्हणजे काय

दहावीत आपण संभाव्यता शिकतो ती नाणे, फासा आणि पत्ते यांची. रोजच्या आयुष्यात प्रश्न थोडा वेगळा असतो. तिथे एका निकालाची शक्यता काढून भागत नाही, सगळ्या निकालांची काढावी लागते. आज सिक रिपोर्टला शून्य नावे येण्याची शक्यता किती, एक येण्याची किती, दोन येण्याची किती? या सगळ्या शक्यतांची बेरीज १ असते. हा १ वेगवेगळ्या निकालांत कसा वाटला जातो, ती वाटणी म्हणजे संभाव्यता वितरण. काही वाटण्या इतक्या ठिकाणी दिसतात की त्यांना नावे पडली आहेत. मी तीन शिकलो. त्यांची मराठी नावे माझ्या आत्याने फोनवर सांगितली. ती साताऱ्याला गणित शिकवते.

पहिले वितरण: द्विपद

जिथे प्रत्येक वेळी दोनच निकाल असतात (लागली किंवा चुकली), प्रयत्नांची संख्या ठरलेली असते आणि प्रत्येक प्रयत्नात यशाची शक्यता तेवढीच राहते, तिथे द्विपद वितरण वापरतात.

याचे उदाहरण मी स्वतःच आहे. पॉइंट टू-टू रायफलच्या सरावात माझ्या शंभरातल्या साधारण ऐंशी गोळ्या वर्तुळात लागतात. टीमच्या निवडीला पाच गोळ्या मिळाल्या आणि माझ्या दोनच लागल्या. मी टीममधून बाहेर पडलो. कोणी म्हणाले, नर्व्हस झाला. मी म्हणालो, रायफलच खराब होती.

आता हिशेब करू. एक गोळी लागण्याची शक्यता ०.८, चुकण्याची ०.२. पाचांपैकी कोणत्या दोन लागल्या, याचे १० प्रकार होऊ शकतात. म्हणून बरोबर दोन लागण्याची शक्यता

१० × ०.८ × ०.८ × ०.२ × ०.२ × ०.२ = ०.०५१२

एकच लागण्याची ०.००६४ आणि एकही न लागण्याची ०.०००३. बेरीज साधारण ०.०५८, म्हणजे शंभरात जवळजवळ सहा. माझ्याइतकीच नेमबाजी असलेले सतरा जण रेंजवर उतरले तर सरासरी त्यातल्या एकाचे असे होते. मी नर्व्हस झालो नसलो आणि रायफल उत्तम असली तरीही.

याची दुसरी बाजूही पाहा. ज्याच्या निम्म्याच गोळ्या लागतात, त्याच्या पाचांपैकी चार किंवा पाच लागण्याची शक्यता ०.१९ आहे, म्हणजे पाचांत जवळजवळ एक. पाच गोळ्यांवर चांगला नेमबाज वाईट दिसू शकतो आणि साधा नेमबाज चांगला. गोळ्या वीस केल्या तर चित्र बदलते. माझ्यासारख्याच्या वीसपैकी आठ किंवा त्याहून कमी लागण्याची शक्यता दहा हजारांत एक इतकी खाली येते आणि निम्म्या गोळ्या लागणाऱ्याच्या सोळा किंवा जास्त लागण्याची शंभरात एकापेक्षाही कमी होते.

यावरून मी असे ठरवले की थोड्या प्रयत्नांवरून माणसाबद्दल मत बनवायचे नाही. स्वतःबद्दलही नाही.

दुसरे वितरण: प्रसामान्य

दुसरा प्रश्न फॉल-इनचा. डॉर्ममधून परेड ग्राउंडवर पोचायला मला सरासरी ९ मिनिटे लागतात. मी १० मिनिटे आधी निघायचो आणि तरी वारंवार उस्तादांची बोलणी खायचो. मला वाटायचे, आपले नशीब खराब आहे.

मॅडमनी मला तीस दिवस घड्याळ लावून वेळ लिहायला सांगितली. कधी ७ मिनिटे लागत होती, कधी ११. बहुतेक वेळा ९ च्या आसपास. अशा मोजमापांचा आलेख घंटेसारखा दिसतो: मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता. याला प्रसामान्य वितरण म्हणतात. बेल्जियमच्या केटले या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात पाच हजारांहून जास्त स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे तपासली, तेव्हा त्यांचाही आलेख असाच निघाला. सुमारे चाळीस इंच छातीचे सैनिक सर्वांत जास्त होते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना संख्या कमी होत गेली.

घंटा किती पसरट आहे हे प्रमाण विचलन सांगते. माझे दीड मिनिट आले. नियम असा आहे की सरासरीच्या दोन्ही बाजूंना एक प्रमाण विचलन घेतले तर सुमारे ६८ टक्के निकाल त्यात येतात, दोन घेतले तर ९५ टक्के आणि तीन घेतले तर ९९.७ टक्के.

आता माझे नशीब तपासू. ९ मिनिटे आधी निघालो तर निम्म्या वेळा उशीर, कारण निम्मे दिवस सरासरीच्या वरचे असतात. १० मिनिटे आधी निघालो तर चारांत एकदा उशीर, म्हणजे नव्वद दिवसांच्या सत्रात बावीस-तेवीस वेळा बोलणी. १२ मिनिटे आधी, म्हणजे सरासरीवर दोन प्रमाण विचलने ठेवून निघालो तर शंभरात दोनदा, सत्रात साधारण दोन वेळा. साडेतेरा मिनिटे आधी निघालो तर हजारात एक-दोनदाच. मी आता १२ मिनिटे आधी निघतो. नशीब बरेच सुधारले आहे.

एक सावधगिरी हवी. बुटाची लेस तुटली किंवा कोणी बेल्ट लपवला तर त्या दिवसाला हा नियम लागू पडत नाही. घंटा नेहमीच्या दिवसांची असते.

तिसरे वितरण: प्वासाँ

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. खूप जण आहेत, प्रत्येकाच्या बाबतीत घटना क्वचित घडते आणि एकाचे घडणे दुसऱ्यावर अवलंबून नाही. अशा वेळी एका दिवसात किती घटना घडतील, हे प्वासाँ वितरण सांगते. प्वासाँ हा फ्रेंच गणिती. त्याने हे वितरण १८३७ मध्ये मांडले.

पण ते प्रसिद्ध झाले लष्करातल्या एका उदाहरणामुळे. १८९८ मध्ये बोर्तकेविच या संख्याशास्त्रज्ञाने प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने किती सैनिक मेले याची मोजणी छापली. १८७५ ते १८९४ ही वीस वर्षे आणि दहा कोअर, म्हणजे एकूण २०० नोंदी. मृत्यू १२२. एका कोअरमध्ये एका वर्षात सरासरी ०.६१. नोंदी आणि प्वासाँचा अंदाज शेजारी ठेवून पाहा:

एकही मृत्यू नाही: नोंदी १०९, अंदाज १०८.७
एक मृत्यू: नोंदी ६५, अंदाज ६६.३
दोन मृत्यू: नोंदी २२, अंदाज २०.२
तीन मृत्यू: नोंदी ३, अंदाज ४.१
चार मृत्यू: नोंद १, अंदाज ०.६

ज्या कोअरमध्ये एका वर्षात चार सैनिक गेले, तिथल्या कोणाला तरी नक्कीच विचारले गेले असेल की तुमच्याकडचे घोडे वाईट की माणसे निष्काळजी? पण २०० नोंदींत असे एखादे वर्ष येणे योगायोगाला धरूनच होते.

दुसऱ्या महायुद्धात १९४४ मध्ये लंडनवर जर्मन उडते बॉम्ब पडत होते. काही भागांत ते जास्त पडले, म्हणून शत्रू तिथेच नेम धरतो आहे असे लोकांना वाटले. पुढे १९४६ मध्ये क्लार्क नावाच्या गणितज्ञाने दक्षिण लंडनचे पाव चौरस किलोमीटरचे ५७६ चौकोन करून त्यात पडलेले ५३७ बॉम्ब मोजले. २२९ चौकोनांत एकही बॉम्ब पडला नव्हता. प्वासाँचा अंदाज २२७ होता. बाकीच्या संख्याही अशाच जुळल्या. त्या भागात तरी बॉम्ब नेम धरल्यासारखे नाही, तर योगायोगाने पडावेत तसे पडले होते. योगायोग सगळीकडे सारखा पसरत नाही. तो मधेच गोळा होतो आणि आपल्याला त्यात हेतू दिसू लागतो.

रजिस्टर काय म्हणाले

मी सत्राचे नव्वद दिवस मोजले. एकूण नावे १७९, म्हणजे रोज सरासरी जवळजवळ २. प्वासाँची आकडेमोड मॅडमनी सोप्या पद्धतीने शिकवली. गणितात ई नावाची एक संख्या आहे, तिची किंमत साधारण २.७१८. शून्य नावे येण्याची शक्यता म्हणजे १ भागिले ई चा वर्ग. त्यापुढे प्रत्येक पायरीला सरासरीने, म्हणजे २ ने, गुणायचे आणि त्या पायरीच्या क्रमांकाने भागायचे:

शून्य नावे: ०.१३५
एक नाव: ०.१३५ × २ ÷ १ = ०.२७१
दोन नावे: ०.२७१ × २ ÷ २ = ०.२७१
तीन नावे: ०.२७१ × २ ÷ ३ = ०.१८०
चार नावे: ०.१८० × २ ÷ ४ = ०.०९०

(तिसरा दशांश पुढच्या अंकांमुळे थोडा वरखाली होतो.) बेरीज ०.९४७. उरले ०.०५३. म्हणजे पाच किंवा जास्त नावे येण्याची शक्यता शंभरात पाच. नव्वद दिवसांत असे ४.७ दिवस यायला हवेत. रजिस्टरमध्ये किती होते? पाच.

त्या सोमवारासारखे आणखी चार दिवस माझ्याच अक्षरात रजिस्टरमध्ये होते. त्या दिवशी क्रॉस-कंट्री नव्हती, म्हणून कोणाच्या डोळ्यांत आले नाहीत.

मग मला वाटले, क्रॉस-कंट्रीच्या दिवशी मुले खरोखरच जास्त आजारी पडत असतील तर? तेही मोजले. सत्रात असे बारा दिवस होते. सरासरीप्रमाणे २४ नावे यायला हवी होती, आली २६. प्वासाँ वितरणात प्रमाण विचलन हे सरासरीचे वर्गमूळ असते. २४ चे वर्गमूळ जवळजवळ ५. म्हणजे २४ च्या पाच वर किंवा पाच खाली ही रोजचीच गोष्ट. दोन नावांच्या फरकावरून काहीच म्हणता येत नाही.

शेवटी माझी फुली. एका महिन्यात तीन वेळा आजारी, हा माझा पुरावा. साठ मुले, रोज दोन नावे, म्हणजे तीस दिवसांत साठ नावे, प्रत्येकाला सरासरी एक. सरासरी एक असताना तीन किंवा जास्त वेळा नाव येण्याची शक्यता ०.०८. साठ मुलांत अशी पाच मुले फक्त योगायोगाने निघतात. मी त्या पाचांतल्या एकाला पकडले आणि बहाणेबाज म्हटले.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. या गणिताने तो त्या सोमवारी खरोखर आजारी होता हे सिद्ध होत नाही. गणित एवढेच सांगते की पाच ही संख्या आणि तीन ही संख्या त्याच्याविरुद्धचा पुरावा नव्हत्या. माझ्याकडे दुसरा पुरावा नव्हता. मग फुली कशाच्या जोरावर मारली?

मी ही वही हाऊस कॅप्टनला दाखवली. त्याने दोनदा वाचली आणि म्हणाला, "यापुढे फुली नको. खरं-खोटं डॉक्टर ठरवतील." तीन दिवसांचे ड्रिल झाले ते झाले, ते परत घेता येत नाही. मी त्या मुलाची माफी मागितली. तो म्हणाला, "असू दे दादा." मला मात्र त्याने दोन शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते.

संख्या खरोखर मोठी असते तेव्हा

प्रत्येक गोष्ट योगायोग म्हणून सोडून द्यावी, असा याचा अर्थ कोणी काढू नये. या सत्रात एका सकाळी नऊ नावे आली, सगळी पोटदुखीची. सरासरी दोन असताना नऊ किंवा जास्त येण्याची शक्यता सुमारे चार हजारांत एक. म्हणजे रोज मोजले तर अकरा वर्षांत असा एखादा दिवस. शिवाय नवांपैकी सात जण एकाच डॉर्मचे. मी रजिस्टर घेऊन पळतच हाऊस मास्टर सरांकडे गेलो आणि चार हजारांचा हिशेब सांगू लागलो. सर म्हणाले, "नऊ म्हटल्यावर मला गणित लागत नाही." त्यांनी लगेच त्या डॉर्मचे पिण्याचे पाणी बंद करवले. फिल्टर उघडून पाहिला तर आत शेवाळ होते.

प्वासाँची अट आठवा: एकाचे आजारी पडणे दुसऱ्यावर अवलंबून नसावे. एकच पाणी पिणारी मुले किंवा एकमेकांचा ताप घेणारी मुले ही अट मोडतात. म्हणून अंदाज सपशेल चुकला, तर घटनांच्या मागे काही समान कारण आहे का, हे लगेच शोधायला हवे. हे वितरण दोन्हीकडे उपयोगी आहे. पाच नावांवर ते थांबायला सांगते आणि नऊ नावांवर धावायला.

पुढे आपल्यातले बरेच जण अधिकारी होतील. तेव्हा आपल्या हाताखाली साठ नव्हे, शेकडो माणसे असतील आणि समोर रोज कोणते ना कोणते रजिस्टर येईल. एखादी संख्या डोळ्यांत खुपली की मी आता तीन प्रश्न विचारतो. नेहमीची सरासरी किती? निव्वळ योगायोगाने एवढी संख्या किती वेळा येते? आणि संख्येखेरीज माझ्याकडे दुसरा पुरावा काय आहे? तिन्ही उत्तरे मिळेपर्यंत पेन खाली ठेवतो.

सरावासाठी दोन प्रश्न

१. एका दुकानातल्या दहा पेनांपैकी एक पेन नीट चालत नाही. मी चार पेने घेतली. चारही चालण्याची शक्यता किती?

२. डॉर्ममध्ये महिन्याला सरासरी एक बल्ब जातो. एखाद्या महिन्यात एकही बल्ब न जाण्याची शक्यता किती?

उत्तरे: (१) ०.९ चा चौथा घात, म्हणजे ०.६६. (२) १ भागिले ई, म्हणजे ०.३७. तेव्हा तीन महिन्यांतून एकदा एकही बल्ब गेला नाही, तर त्याचे श्रेय डॉर्म मॉनिटरने घेऊ नये!